बारीक दळलेला भरडा

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३
कारेगावची कंपनी सोडून आज महिना झाला. झोप पुरी होते, तरी थकवा आहे. सुपरवायझरला माझ्या सूचना पेलल्या नाहीत, दुसरं काही नाही. आता दुग्धव्यवसाय, शास्त्रीय पद्धतीने. सध्या गाय एकच. ती माझ्या बायकोला, रुपालीला, तिच्या आईने पारगावहून दिलेली, वासरू होती तेव्हापासून रुपालीनेच वाढवलेली. दिवसाला चौदा लिटर देते. संक्रांतीपर्यंत वीस करायचं ठरवलं. रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, आधी शेण काढा. माझी कंबर साथ देत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
मूळ दोष सापडला. शेणात मक्याचे तुकडे दिसतात. म्हणजे गायीला देतो तो मक्याचा भरडा जाडा आहे आणि न पचता बाहेर पडतो. उपाय : पिठासारखा बारीक दळणे. शेजारच्या बिरदेव आबांना सांगितलं. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला, आता पाराजवळ बसून असतात. म्हणाले, "जनावराला दात दिल्यात की. त्याला पीठ कशाला?" आबांची शाळा चौथीपर्यंत. माझं बारावी सायन्स आहे, दोन प्रयत्नांत. वाद घातला नाही. उद्यापासून पाचला उठणे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, दुपार
(काल साडेआठला उठलो. थंडी.)
प्रयोग केला. लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या, रुपाली शेतात असताना. दोन्हींत रिठ्याचं पाणी. एकीत जाडा भरडा, दुसरीत बारीक पीठ. जोरजोरात हलवल्या. दंड भरून आले.
पहिली बरणी : भरडा तळाला बसला, फेसातलं पाणी निथळून खाली आलं, दहा मिनिटांत फेस खलास.
दुसरी : पीठ फेसातच अडकून बसलं. पाणी खाली उतरेना, बुडबुडा फुटेना. चहा झाला, पेपर झाला, एक डुलकी झाली. फेस जागच्या जागी.
निष्कर्ष : बारीक पीठ धरलेलं सोडत नाही. म्हणजे गायीच्या पोटात सत्त्वही सोडणार नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात येऊ नये, याचं वाईट वाटलं.
रुपालीने विचारलं, बरणीला रिठ्याचा वास कसा. विषय बदलला.

सोमवार, १० नोव्हेंबर
भैरूच्या गिरणीत भरडा दोनदा दळला. मध्येच लाइट गेली, तीन तास बसून राहिलो. घरी येऊन गायीला आंबोणात भरपूर पीठ दिलं, वर कोवळा लसूणघास. रुपालीचं म्हणणं, घास दवानं ओला हाय, सुकू द्या. सुकवायचा तर पाचला कापायला हवा होता.

बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळी ११
रुपाली बहिणीकडे बारशाला. गाय तृप्त दिसते. डावी बाजू गच्च. रवंथही करत नाही. इतकं बारीक दळल्यावर रवंथाची गरज काय? मीही जरा पडतो.

दुपारी १
आबांनी हाका मारून उठवलं. म्हणाले, "आरं, पोट भरलं न्हाई त्ये, फुगलंय. डाक्टरला फोन कर. आन् तिला बसू दिऊ नको." आबांना घाबरायची सवय आहे. तरी एसटीडी बूथवर पळत गेलो. चप्पल तिथेच राहिली.

संध्याकाळ
गाय तोंड उघडून श्वास घेत होती. डॉक्टरांनी डाव्या बाजूला जाड सुई घातली. गॅस आलाच नाही. फेस आला आणि सुई तुंबली. डॉक्टर म्हणाले, गॅस रोजच होतो, ढेकरेने जातो. इथे तो बुडबुड्यांत कोंडलाय. फेसातलं पाणी निथळलं तर बुडबुडे फुटतात. पण घासाचा चिकट रस आणि पिठाचे बारीक कण ते निथळू देत नाहीत. मी सगळं ओळखलं. शुक्रवारी हेच बरणीत माझ्या हातात होतं.
भरडा इतका बारीक कोणी केला, असं त्यांनी विचारलं. भैरूच्या गिरणीत झाला, असं मी सांगितलं. हे खोटं नाही.
तेवढ्यात रुपाली आली. बारशाच्याच साडीत तिने गायीचा जबडा धरला आणि डॉक्टरांनी बाटलीने अर्धा लिटर गोडेतेल पाजलं. तेलाने फेस मोडतो म्हणे. मग रुपाली तिला अंगणात फिरवत राहिली. गायीशी बोलत होती, माझ्याशी नाही. तासाभराने गायीने ढेकर दिली, मग दुसरी. रुपाली रडली. मी गोठ्यामागे जाऊन रडलो. गाय मेली असती. माझ्यामुळे. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
विचार केला. मूळ तत्त्व बरोबरच होतं, फक्त प्रमाण चुकलं. रुपालीला हे सांगायला गेलो. अर्ध्या वाटेवरून परत आलो.

रविवार, १६ नोव्हेंबर
सकाळी टेम्पो आला. गाय पारगावला, रुपालीच्या आईकडे. मला आत्ताच कळलं. मी म्हणालो, यापुढे भरडा जाडाच ठेवीन. रुपाली म्हणाली, "ठेवा की. खाणार कोण?"
टेम्पोत चढताना गायीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मला भरून आलं. रुपालीला तसं सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या मागं घासाची पेंढी व्हती.