चाळीस वर्षांची केबल

कात्रप, बदलापूर
४ जानेवारी १९९४

चि. जयदेवास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं बंगलोरचं पत्र दादांनी कॅम्प एकमधल्या आपल्या सगळ्या आळीला वाचून दाखवलं. माझा मुलगा विजेच्या केबलचं आयुष्य सांगतो, असं म्हणाले. मी तिथंच चहा गाळत होते. त्याच डीसी केबलच्या तुकड्यांना अंबरनाथच्या कारखान्यात मी व्होल्टेज देते, इन्सुलेशन फुटून पंक्चर होईपर्यंतचे तास मी लिहिते, हे त्यांना कोण सांगणार? बीएस्सी मीही झालेय, आणि तुझ्या इंजिनिअरिंगच्या सहा वर्षं आधी!

असो. तुझ्या अहवालासाठी एकोणीस तुकड्यांचे आकडे सोबत आहेत. चिमी मामाची वाट बघते.

आहे ती माया कमी करू नकोस.
तुझी,
विठाताई

बंगलोर
१७ जानेवारी १९९४

ती. विठाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

आकडे मिळाले. व्होल्टेज कमी केलं तसे तास वाढत गेलेत. आलेखावर ठिपके सरळ रेषेत आले. ती रेघ नेहमीच्या व्होल्टेजपर्यंत नेली, तर आयुष्य चाळीस वर्षं निघालं! केबल खाडीखालून जायची आहे. २८ तारखेला ती घेणाऱ्यांपुढे मी अहवाल वाचणार. साहेबांनी तुझ्या अक्षराचं फार कौतुक केलं.

चिमीला पापा. लोभ असाच राहू दे.
तुझा,
जयदेव

कात्रप, बदलापूर
२३ जानेवारी १९९४

चि. जयदेवास,
अ. आ. वि. वि.

स्पीडपोस्टने पाठवतेय, लगेच वाच. तुकडे एकोणीस नव्हते, चोवीस होते. पाच तुकड्यांना मी मध्येच धन-ऋण उलटवून व्होल्टेज दिलं. लाईनवर वीज उलटी पाठवायची तर तसंच करतात ना? ते पाचही साधारण पाव वेळेतच पंक्चर झाले. इन्सुलेशनमध्ये साठलेला भार घात करतो, असं मला वाटतं.

ते पान मी मुद्दाम ठेवून घेतलं. तू चारचौघांत तोंडावर पडावंस, असं वाटलं मला. अक्षराचं कौतुक वाचून तर आणखी दोन दिवस गप्प बसले. काल आमचे फोरमन हरिचंद्र म्हणाले, खाडीखाली केबल बिघडली तर काढून बदलायला सहा महिने, तोवर पलीकडची गावं अंधारात. मग हातातलं काम सुचेना.

पान सोबत आहे. माया ठेवायची की नाही, तू ठरव.
विठा

बंगलोर
३० जानेवारी १९९४

ती. ताईस,
स. ज. वि. वि.

पान वाचून इतका चिडलो की जेवलो नाही. पण हिशेब पुन्हा मांडला. चाळीसाची अकरा वर्षं झाली. बैठकीत तेच सांगितलं. आता इन्सुलेशन बदलल्याशिवाय केबल घेणार नाहीत.

पुढचं लिहायला जड जातंय. एका बाईंनी विचारलं, उलटवून बघायचं सुचलं कुणाला? मी म्हणालो, मला. टाळ्या पडल्या.

ताई, शाळेत दर वर्षी नवे मास्तर विचारायचे, तू विठाचा भाऊ ना, मग गणित का येत नाही? ते मी अजून विसरलेलो नाही.

तुझा,
जयदेव

कात्रप, बदलापूर
५ फेब्रुवारी १९९४

चि. जयदेवास,
अ. आ. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. आपल्या दोघांत वाईट कोण, हे ठरवायला मला वेळ नाही. रजा टाकली आहे. बुधवारी सकाळी बंगलोरला पोचते. तुझ्या साहेबांना आधी मी माझं सांगेन, मग तू तुझं सांग.

स्टेशनवर न्यायला ये. राग गेला नसला तरी ये.
तुझी,
विठाताई