एकट्याच्या कंपनीतलं दुसरं नाव

प्रिय साधना,

हे पत्र पोळ्याच्या आधीच लिहायला घेतलं होतं. तेव्हा पेन सापडला नाही. पेन सापडला तर चिखलदऱ्याच्या जीपचा ड्रायव्हर तापानं पडला आणि मी त्याची जीप चालवत फिरलो. वर काय धुकं होतं म्हणून सांगू, पुढची गाडी दिसेना, नुसता हॉर्न ऐकत चालवायची. बघ, कुठं गेलो. नववीत गणिताचा पेपर सोडून मी अचलपूरची छोटी रेल्वेगाडी बघायला पळालो होतो, तो तुझ्या बाकावरचा गुलफाम अजून तसाच आहे. पण उशिराचं खरं कारण वेगळं. लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत खालू येतात आणि हात थांबतो.

तू अकोल्याच्या त्या कर सल्लागारांच्या ऑफिसातून पहिल्यांदा परतवाड्याला आलीस तो दिवस आठवतो? माझ्या मावशीचं, म्हणजे खाला-खालूंचं घर, पुढच्या अंगाला कापूस पिंजायची मशीन आणि गाद्यांचे ढीग, मध्ये पडदा. वसतिगृहाला गाद्या द्यायच्या तर कंपनी पाहिजे असं कळलं, म्हणून खालूंनी अब्दुल गफ्फार या एकट्याच्या नावावर कंपनी काढली होती आणि पहिल्याच वर्षी गल्ल्यातून पैसे उचलून घरावर टिनं टाकली होती. तू विचारलंस, हे पगार म्हणून घेतले की लाभांश म्हणून? खालू म्हणाले, "माहाच गल्ला, माहंच घर. मंधात कोन आलं?" तू मान वर न करता म्हणालीस, "कंपनी आली."

ते वाक्य त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं. मग चहा आला तरी विचारायचे, हा कंपनीचा की अब्दुल गफ्फारचा? गाद्या शिवणाऱ्या दुर्गाबाई टिपा मारता मारता म्हणायच्या, थंडा व्हायच्या आधी ठरवा भाऊ. पण तू शिकवलंस ते त्यांनी मनापासून पाळलं. टिनांचे पैसे उचल म्हणून लिहिले आणि महिन्याच्या महिन्याला स्वतःच्याच पगारातून कापून घेतले. पगाराच्या रजिस्टरात आधी पिंजणारे शालिकराम आणि देवमन, मग दुर्गाबाई, मग मी, आणि सगळ्यात खाली मालक. वर्षाअखेर लाभांशाचा ठराव लिहायची वेळ आली की खूष असायचे. मीच मांडतो, मीच मंजूर करतो, विरोधात कोणी हातच वर करत नाही, म्हणायचे. मग कापूस-सोयाबीनचे भाव पडले, गावोगावची लग्नं पुढं गेली, आंदणाच्या गाद्या तशाच पडून राहिल्या. त्या वर्षी त्यांनी ठराव केला, लाभांश नाही. मजुरांचे पगार मात्र एक तारखेला झाले. त्यांचा स्वतःचा नुसता लिहिला गेला, हाती आला तो दिवाळीनंतर.

मी या काळात कधी सुरतेला, कधी हैदराबादेत. न सांगता जायचो. माझं नाव कापायचं का, असं तू दर वेळी विचारायचीस आणि ते म्हणायचे, बिनपगारी रजा लिव. तू लिहायचीस. सुरतेत खोली मिळेना, तेव्हा तू दिलेली पगाराची स्लिप खिशात होती. घरमालकानं ती दोनदा वाचली आणि किल्ली दिली. तोवर कुठल्या कागदावर मी कोणाचा माणूस आहे असं लिहिलेलं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. तुझे फार उपकार आहेत, साधना.

बकरी ईद झाली आणि आठच दिवसांत खालू गेले. मशीनचा पट्टा चढवता चढवता बसले, ते उठले नाहीत. मी आलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

एकटा मालक गेला तर कंपनी कोणाकडे जाणार, ते नाव त्या माणसाच्या सहीसकट आधीच द्यावं लागतं, हे तूच त्यांना समजावलं होतंस. खालाच्या पुढं कागद ठेवला तर ती उठून आत गेली होती. नवऱ्याच्या मरणाच्या कागदावर बायको सही करत नसते, म्हणाली. म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, खालू, मी पळणारा माणूस. ते म्हणाले, "तू वापस येते, हे मले मालूम हाय."

तर आता मालक मी. शालिकराम मला मालक म्हणतो आणि लगेच हसतो. आता माझ्यानंतर कोण, ते नाव मला द्यायचं आहे. मुदत केव्हाच उलटली, दंड पडला तर भरू. पण ते नाव लागल्याशिवाय आपले कागद पुढं सरकत नाहीत, आणि कागद सरकल्याशिवाय वसतिगृहाची ऑर्डर नाही. पुढच्या महिन्याचा पगार त्याच ऑर्डरीवर आहे. दुर्गाबाईंनी अमरावतीला काम बघून ठेवलंय, बोलत नाहीत एवढंच. खाला इद्दतीत आहे, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस पाळते, दिवसभर पडद्याआड बसून असते. तिला परत तोच कागद दाखवायची माझी हिंमत नाही. म्हणून हे पत्र. साधना, माझ्यानंतरचं नाव म्हणून तुझी सही देशील? हा पळेल आणि कंपनी माझ्या गळ्यात टाकेल, असं तुला वाटेल. पळत नाही. पळायचं असतं तर पोळ्यालाच गेलो असतो, जीप हातात होती.

थांब. पडदा सरला. खाला पुढं आली आहे. आज शुक्रवार, मशीन बंद, कोणी नाही. तरी इतक्या वर्षांत ती या बाजूला आलेली मी पाहिली नव्हती. लिहिताना मी मोठ्यानं बोलतो, तिनं सगळं ऐकलेलं दिसतं. ती उर्दूत म्हणाली, तुझ्यासाठी आपल्या बोलीत लिहितो: "तवा सही नाही केली, तरी ते गेलेच ना. आण तो कागद. कुठी करू?"

साधना, कोरा फॉर्म तुमच्या ऑफिसात आहे. पोस्टानं पाठवू नकोस. परतवाड्याची पहिली गाडी धर आणि तूच घेऊन ये. खाला जागची हललेली नाही.

तुझाच,
गुलफाम