पाचोडची साठ घरं आणि माझी प्रश्नावली

औरंगाबाद,
माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांशी धाकट्या रामकिसनचा साष्टांग नमस्कार.

परभणीची थंडी ओसरली असेल आणि तुझे गुडघेही आता थोडेफार तुझं ऐकत असतील, असं धरून चालतो. दाजींना नमस्कार. माझी प्रकृती विचारशील तर महिनाभर पित्तानं हैराण आहे. कारण पुढं येईलच. ते वाचून तू हसशील आणि दाजींना मोठ्यानं वाचून दाखवशील. दाखव. एकावन्नाव्या वर्षी माणसाची लाज कमी होते, हा एवढा एकच समाजशास्त्रीय सिद्धान्त मी स्वतःच्या बळावर शोधला आहे.

आमच्या शाळेत संस्कृत घेणारी मुलं यंदा चारावर आली, हे तुला ठाऊक आहे. संस्थेनं स्पष्ट सांगितलं : जूनपर्यंत समाजशास्त्रात एम.ए. झालात तर कनिष्ठ महाविद्यालयात जागा आहे, नाहीतर अतिरिक्त ठरून पाठवू तिथं जा. (सूत्रात अर्धी मात्राही जास्त नसावी असं आमचे वैयाकरण मानतात. तो नियम मास्तरांनाही लागतो, हे मला उशिरा कळलं.) लेखी पेपर कसेबसे पार पडले. या शास्त्रात समाज एकच, पण त्याचे तुकडे फार. माझ्या शेजारचा बन्सी वाळूजच्या कारखान्यात आहे. तो सुटीला देवगाव रंगारीला गेला की ग्रामीण, इथं परतला की नागरी, मशीनपाशी उभा राहिला की औद्योगिक, आणि बायकोशी भांडला की थेट कुटुंबसंस्थेच्या पेपरात. बिचाऱ्याला आपण चार पेपरांत आहोत याचा पत्ताही नाही.

राहिला प्रबंध. माझे मार्गदर्शक तात्यासाहेब (नावावर जाऊ नकोस, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान आहेत) यांनी विषय दिला : ‘ग्रामीण कुटुंब आणि आप्तसंबंध’. स्वतःचं कुटुंब नसल्यामुळं मी तटस्थ राहीन, हा त्यांचा होरा. पाचोडची साठ घरं आणि घरटी एक प्रश्नावली. ती मीच रचली : कूळ, मूळ गाव, आजोळ, जमीन, विहीर, घरात माणसं किती, व्यसनं कोणती, विवाहयोग्य व्यक्ती असल्यास वय आणि शिक्षण. आक्का, तू वीस वर्षं माझ्यासाठी स्थळं पाहिलीस आणि मी वीस वर्षं नाही म्हणालो. हे रकाने वाचून तुला आत्ता जे चटकन कळलं, ते मला चाळिसाव्या घरापर्यंत कळलं नाही.

सुरुवात केली सांडूनं. हा सांडू बाजाराच्या दिवशी लिंबाखाली शिलाई मशीन मांडून बसतो. त्यानं प्रश्नावली वाचली आणि विचारलं, “मास्तर, पोरगं काय करतं?” मी म्हणालो, मी अविवाहित आहे. त्यानं मला कोटाचं माप घ्यावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग व्हय. सोतासाठीच बघताय म्हणा की.” एवढं बोलून तो मशीन झाकून उठला आणि मला घरोघर नेऊ लागला. मी त्याला उत्तम सहकार्य करणारा ग्रामस्थ समजून प्रबंधाच्या ऋणनिर्देशात घातलं.

चार आठवडे मी पाचोडला जात राहिलो. जाईन तिथं पोहे. (पित्ताचं मूळ हे.) एका घरात दोन चुली दिसल्या, तर दुसरी सणाची म्हणाले. दोन भावांमधल्या भिंतीवर वाकळ टाकली होती. व्यसनाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘चहा’. चाळिसाव्या घरी सरूबाई नावाच्या म्हातारीनं ताटली पुढं सरकवत शेवटी विचारलंच : “मास्तर, इतक्या घरचे पोहे खाल्ले, पसंत कोण पडलं ते तरी सांगा. लोकं खोळंबलेत.”

तरी साठ पुरे केले, कारण जून डोक्यावर आहे. तात्यासाहेबांनी सगळ्यांच्या जमिनीची बेरीज केली, ती तलाठ्याच्या दप्तरातल्या गावाच्या दीडपट निघाली. “सर, तुमचं पाचोड जालन्यापर्यंत गेलंय,” म्हणाले. साठातली अठ्ठावन्न कुटुंबं एकत्र, सासवा सुनांना लेकी मानतात, दारू कोणी पाहिलेलीसुद्धा नाही. हे समाजशास्त्र नव्हे, कृतयुगाचं वर्णन आहे. एकटी एक्केचाळिसावी प्रश्नावली त्यांनी ग्राह्य धरली. बाकीच्या एकोणसाठ एकतीस मार्चच्या आत पुन्हा भरायच्या, नाहीतर प्रबंध पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी ती जागा माझ्यासाठी थांबणार नाही. तेव्हा तुझा भाऊ जूनपासून कोणत्या आडगावी सापडेल, ते कळवीन. लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
रामकिसन

ता. क. तात्यासाहेबांनी एक उपाय सुचवला आहे : घरातल्या बायका खरं ते बाईमाणसालाच सांगतात, तेव्हा घरच्यांना बरोबर न्या. घरचं म्हणावं असं मला तूच आहेस. गुडघे सोसत असतील तर होळीआधी पंधरा दिवस ये. समोरच्याची किती जमीन खरी, हे तू चहा येण्याआधी ओळखतेस. विद्यापीठात या पद्धतीला अजून नाव नाही.

आणखी एक. एक्केचाळिसावी प्रश्नावली पुन्हा भरायची नाही, तरी आपण आधी तिथंच जाऊ. ती बालवाडी चालवणाऱ्या चतुराबाईंची. यजमान वारून बारा वर्षं झाली. “पोहे नायत, बसा,” म्हणाल्या. “लिवा. दोन एकर, विहीर भावकीच्या भांडणात, सासू तीन वर्षं बोलत नाय.” लिहून झाल्यावर प्रश्नावली माझ्या हातून घेतली आणि तेच प्रश्न क्रमानं मला विचारले. शेवटी एक आपल्या पदरचा : दुखलंखुपलं तर बघतं कोण? तो आमच्या प्रश्नावलीत नव्हता. मी ‘निरंक’ म्हणालो. त्यांनी तेवढंच समासात लिहून ठेवलं. तेव्हा चांगलं लुगडं घेऊन ये. आणि वीस वर्षांचा वचपा तिथं काढू नकोस, वाटेत काढ.

शेवटचं. त्यांना मी सगळी उत्तरं खरी दिली, एक सोडून. वय पंचेचाळीस सांगितलं आहे. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा विचारलंच तर एकोणपन्नासच्या वर जाऊ नकोस.