शेरूच्या जटा

४ जाने., रवि.
आईला नि शेरूला कोल्हारहून नगरला आणून महिना झाला. अण्णा वारले तेव्हापासून त्यांच्या या कुत्र्याला फणी लागलेली नाही. ते रोज विंचरायचे. आता कानामागे, पोटाखाली नुसत्या जटा. आज हात लावला तर मनगटाला चावला. कातडं फाटलं नाही.

५ जाने., सोम.
कंपनीतली पहिली पाळी करून तसाच त्याला घेऊन जनावरांच्या डॉ.कडे. म्हणाले, जटांखाली कातडी चिघळतेय, केस काढावेच लागतील. पण अकरा वर्षांचा आहे, हृदय कमजोर. भूल द्यायची वेळ आणू नका.
सावेडीतल्या कुत्र्यांच्या पार्लरला फोन केला. रविवारी अकरा वाजता या म्हणाली बाई. तोवर त्याला मशीनच्या आवाजाची सवय करा, पंजे हातात धरू द्यायला शिकवा.
सहा दिवसांत. कंपनीतून आलो की मलाच कोणी धरू नये असं वाटतं.

६ जाने., मंगळ.
दाढीचं मशीन लांब ठेवून चालू केलं. पलंगाखाली गेला. पोळीचा तुकडा दाखवला, आला नाही. मी तिथंच फरशीवर झोपलो.

८ जाने., गुरु.
मशीन चालू असताना पोळी खाल्ली. पुढचा पंजा धरू दिला. मागचा नाही.
आई दारातूनच बघत होती. तिनं त्याला कधी हात लावला नाही. गावीही 'तुमचं कुत्रं' म्हणायची अण्णांना. आज म्हणाली, "ती लोकं बांधत्याल त्याला. तुझ्या बापानं कधी बांधला न्हाई." उठून आत गेली.

१० जाने., शनि.
ओव्हरटाइम. सराव नाही. आईनं परस्पर पोळी दिली वाटतं, त्याचं ताट पुसल्यासारखं होतं. अंग मोडून आलंय.

११ जाने., रवि.
आई स्वतःहून रिक्षात बसली.
पार्लरच्या टेबलावर चढवला तसा थरथरायला लागला. मशीन अंगाला टेकलं नि त्यानं दात विचकले. बाई म्हणाली, "असं असेल तर नाही करता येणार, दादा. भूल देऊनच करा." मी पट्टा हातात घेतला, निघायला.
आई पुढं आली. दोन्ही हातांनी त्याचं तोंड छातीशी धरलं. "मी हाय रं. बस." तो कण्हला, पण बसला. बाईनं हळूहळू डावी बाजू केली. जटा कांबळ्यासारखी एका तुकड्यात निघाली. मग तो धापा टाकायला लागला. बाईनं थांबवलं. उरलेलं गुरुवारी बघू म्हणाली, तब्येत ठीक असली तर.
अर्धा भादरलेला कुत्रा घेऊन घरी. डाव्या बाजूच्या फासळ्या मोजता येतात. आई त्यावरनं हात फिरवत होती. "एवढा वाळला. केसांत कळलंच न्हाई रं आपल्याला."
दूध ठेवलंय पुढं. अजून प्यायला नाही. ती शेजारी बसून आहे.