एकडोळीचा ताबा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा तलवारी आणि चेटकांच्या कादंबऱ्या लिहिणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाचेही दडपण नसताना लिहीत आहे. शुद्धीबद्दल पुतण्याला शंका आहे, पण ती त्याला मी पहिला राक्षस लिहिला तेव्हापासून आहे.

मी सुरुवात केली तेव्हा असले काही कोणी छापत नव्हते. प्रकाशक म्हणाले, "बाई, सासू-सुनांचं लिहा. तलवार कोण वाचणार?" त्याच तलवारीवर आज त्यांच्या मुलाचे मजल्यावर मजले चढत आहेत. असो.

शिलाईच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या माझ्या पश्चात वन्संना, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेला द्याव्यात. खालचे दुकान त्यांचेच आहे. यजमान गेल्यावर लोक म्हणाले, नणंद-भावजय एका घरात, भांड्याला भांडं लागणारच. लागले, आणि त्यातूनच माझी सगळी पुस्तके झाली.

कारण माझी पद्धत अशी, की जो वार प्रत्यक्ष मारता येत नाही तो मी लिहीत नाही. दुपारी दुकान बंद असले की आम्ही लढत असू. मी चिंधीने एक डोळा बांधून एकडोळी, म्हणजे माझी नायिका. हातात लाटणे. वन्सं कापड मोजायचा गज घेऊन मांत्रिक. प्रत्येक पुस्तकात त्या मेल्या. एकदा तर गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर आडव्या पडून मेल्या. गिऱ्हाईक दारातूनच म्हणाले, "मी नंतर येतो."

लिहिण्याचे टेबल पुतण्याला. "काकू, खरं पुस्तक कधी लिहिणार?" असे तो दर भेटीत विचारतो. आता त्याने बसावे आणि लिहावे.

'ही पुस्तके मुले गादीखाली लपवून वाचतील' असे लिहिणाऱ्या समीक्षकांना माझे आभार द्यावेत, दुसरे काही देऊ नये. ते वाक्य मी प्रत्येक आवृत्तीच्या पाठीवर छापले.

आता मुख्य गोष्ट. शेवटचे पुस्तक अडले आहे. एकडोळी मनोऱ्याच्या पायऱ्यांवर, मांत्रिक वर. वन्संचे गुडघे गेले, जिना कसाबसा चढतात, त्यावर लढवत नाही, त्यामुळे ती लढाई लढताच आली नाही. प्रकाशकांचा मुलगा म्हणतो, "मारून टाका आजी. मेली की खप वाढतो. तुम्हाला जमत नसेल तर माझा माणूस लिहील." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सबब एकडोळीने जगावे की मरावे हे ठरवण्याचा अधिकार मी फक्त वन्संना देत आहे. तिच्या हातून आयुष्यभर त्याच मेल्या आहेत. प्रकाशकांनी तिच्या केसालाही धक्का लावू नये.

हे कलम काल वन्संना वाचून दाखवले. त्या काजे करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देतेस खरी वहिनी, पण तू गेल्यावर मी लढू कोणाशी? बस समोर. बसून लढू."

बसलो दोन स्टुलांवर. मांत्रिकालाही आसनावर बसवता येते, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. दोन वार मी अडवले, तिसरा बरगडीखाली बसला. मी कापडाच्या गठ्ठ्यावर कोसळले आणि हसून हसून मेले. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र अंमलात यायला एवढे मरण पुरत नाही.

पडल्या पडल्याच मी विचारले, "मग वन्सं, एकडोळी मेली समजायची?"

त्या धापा टाकत होत्या. माझा जीव टांगणीला लागला होता, खोटे कशाला सांगू. सगळा सूड उगवण्याचा त्यांना हक्क होता.

"उठव तिला," वन्सं म्हणाल्या. "आत्ता कुठे मला जिंकता यायला लागलंय."

सही: लेखिका, आजच्या घडीला जिवंत.
साक्षीदार: वकीलबाई.
साक्षीदार: समोरचा न्हावी. दोघी धडधाकट असल्याचे काल काचेतून स्वतः पाहिले.
स्थळ: शिलाईचे दुकान.
दिनांक: वन्सं जिंकल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी.