पाण्याखालची लाँड्री

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (विचारलं म्हणून लगेच पानभर लिहू नकोस.) मी खणखणीत आहे, कानात पाणी गेलंय तेवढं सोडून.

तू मला इथे तुझ्या लेकीला घरी आणायला पाठवलंस. बँकेतली नोकरी सोडून लोकांना समुद्रात बुडवत बसलीय म्हणालास. आल्या आल्या मी तिला तेच ऐकवलं. ती म्हणाली, "आत्या, एकदा माझ्याबरोबर खाली चल. मग तू म्हणशील तर बॅग भरते." मी म्हटलं चल, त्यात काय! डॉक्टरने तपासलं, मग तो काळा रबरी पोशाख चढवला. (चढवला कसला, उशीत कापूस कोंबतात तसं मला कोंबलं.) पाठीवर टाकी, तोंडात नळी. खाली गेल्यावर आठवलं, केस का कापलेस हे विचारायचं राहिलं. म्हणून नळी काढून बोलायला गेले. अर्धा समुद्र पोटात! पोरीने शांतपणे नळी परत बसवली आणि माझा हात धरला. तू तिचा रस्ता ओलांडताना अजून धरतोस ना, तसा.

मग ते आले. मांटा म्हणतात. मासाच, पण आपल्या दुकानातल्या डबलबेडच्या चार चादरी जोडाव्यात एवढा. दोरीवरची चादर वाऱ्यावर हलते तसा येतो. एवढं धूड, पण आवाज नाही, घाई नाही, अंगावर एक सुरकुती नाही. (जन्मभर इस्त्री केली, असं काम जमलं नाही.) आणि ऐक, ते तिथे अंग साफ करून घ्यायला येतात! एका खडकापाशी बारके मासे राहतात, ते यांच्या अंगावरची घाण, किडे टिपून खातात. एकाचं होईस्तोवर बाकीचे गोल फिरत थांबतात. कोणी "अर्जंट आहे" म्हणून ओरडत नाही. एक अगदी माझ्या डोक्यावरून गेला. पांढरंशुभ्र पोट, वरचा सगळा उजेडच झाकला. जाताना डोळा फिरवून माझ्याकडे बघितलं रे त्याने. मी, जिला तू रेडिओ म्हणतोस, ती गप्प. वर आले तरी गप्प. पोर घाबरली, बरी आहेस ना विचारत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी समुद्राच्या नावावर खपवलं.

बाकी सगळं ठीक.

तुझी अक्का

ता. क. पोर येत नाही. बॅग मीच भरू दिली नाही. तुझी काळजी कळते मला, पण पाण्यात तिचा हात जरासुद्धा थरथरत नाही. मी धरून बघितलाय.

आणखी ता. क. मीही एवढ्यात येत नाही. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे आहे, सोमवारपासून लाँड्री तू उघड. पांढरे कपडे वेगळे भिजव. कोणी "अर्जंट" म्हणालं, तर त्याला म्हणावं, गोल फिर.