कच्च्या जवसाचा चमचा

४ डिसेंबर
लिही लोबार, बोलते तसंच! बीबीला, तुझ्या आजीला, अक्षर येत नाही म्हणून मधे आपली अक्कल घुसडू नकोस.

समरकंदच्या मोठ्या दवाखान्यातून आलो. तुझ्या धाकट्या बहिणीचं, नोझिमाचं, दुखणं कळलं एकदाचं. डॉक्टरीणबाई म्हणाली, खाल्लेली चरबी अंगात साठते, आणि पोट रिकामं राहिलं की तीच जळून बळ देते. हिच्या अंगात साठते, पण जळत नाही. उपाशी राहिली की — पुढचं मी विचारलंच नाही.

मेंढीची चरबी बंद. तळलेलं बंद. आणि रोज एक चमचा जवसाचं तेल!

म्हटलं, "बाई, सरपण पेटत नाही म्हणता, आणि वर तेल ओतायला सांगता?"

"बीबी, हे जाळायला नाही, बांधायला. कातडी, डोळे, मेंदू त्यावर घडतात. शरीराला ते स्वतः करता येत नाही."

११ डिसेंबर
चमचा माझ्याकडे. सूनबाई रुखसोना वेंधळी. मीच निळा धूर सुटेपर्यंत तेल कढईत कडवते, निववते, मग पाजते. कच्चं तेल पोरीच्या पोटात? आम्ही काय वैरी आहोत! या घरात आले तेव्हा सासूने पहिलं हेच शिकवलं — धूर निघाला नाही ते तेल नव्हे, विष.

६ फेब्रुवारी
पोरीची कातडी सुटतेय. चादरीवर पिठासारखा कोंडा पडतो. गुडघा खरचटलाय तो भरत नाही. मी म्हणते, "कात टाकतेस काय गं, सापाची पोर?" ती हसते. मी अंगणात जाऊन उभी राहते.

७ फेब्रुवारी
दुपारी डोळा लागला तिचा, तर नाकापुढे बोट धरून बसले.

२० फेब्रुवारी
पुन्हा दवाखाना. "तेल देता ना?"

"देते तर! चांगलं कडवून!"

डॉक्टरीणबाई म्हणाली, "बीबी, त्यात आपल्याला हवं ते कढईत आधी मरतं."

आधीचं अंगात साठलेलं होतं, त्यावर पोर तगली. ते संपत आलंय. आता कच्चं द्या, हळूहळू भरून येईल म्हणाली.

निघताना म्हणे, मोठीचंही रक्त तपासू, हे आईबापाकडून येतं. मी हसले — "लोबार? घोडी आहे ती! अख्खा रमजान धरते." तरी रक्त दिलं. निकाल यायचाय.

२१ फेब्रुवारी
कच्चं तेल आधी मीच प्यायले. दुपारपर्यंत वाट पाहिली. मेले नाही! मग पोरीला दिलं.

"बीबी, गवतासारखं लागतं."

"मग हंबर!"

९ मार्च
रमजान चालू. नोझिमाची कातडी जरा मऊ पडलीय. माझा जीव अजून टांगलेलाच. लोबार रोजे धरतेय, वर कुरकुर — "बीबी, पाय फार दुखतात." नवी नवरी लागून गेलीस का गं? ऊठ, पाणी भर! — हो, हेही लिही.

१३ मार्च
आज सूनबाई लिहितेय. लोबार काल रोज्यात शाळेच्या जिन्यावर कोसळली. दवाखान्यात शिरेतून साखर चाललीय. निकाल आला, तिच्यातही तेच. इतके दिवस तिलाच शेजारी बसवून सांगत होते, आणि बघत होते दुसरीकडे.